झूम नसलेला कॅमेरा खिशात घेऊन जगायचं कसं

माझा कॅमेरा कोणी हातात घेतला की पहिला प्रश्न ठरलेला, "अरे, याला झूम कुठाय?" नाहीये. दुसरा प्रश्न, "मग लेन्स तरी बदलता येते का?" तेही नाही. मग तो माणूस किंमत विचारतो, आणि किंमत ऐकली की माझ्याकडे असं बघतो की मी चाकं नसलेली स्कूटर घेऊन आलोय.

तर ज्यांनी असा कॅमेरा घेतलाय, किंवा सेकंडहँडमध्ये बघून ठेवलाय आणि रात्री झोपताना घेऊ का नको घेऊ का नको चाललंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझ्याकडे रिको जीआर थ्री आहे, २०१९ साली आलेला. हे घराणं जुनं आहे, फिल्मवाला जीआर वन १९९६ चा, पहिला डिजिटल २००५ चा, आणि २०१३ मध्ये त्यात मोठा, म्हणजे एपीएस-सी मापाचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) आला. जपानचे फोटोग्राफर दाइदो मोरियामा वर्षानुवर्षं याच घराण्यातले छोटे कॅमेरे घेऊन रस्त्यावर फिरलेत. वजन बॅटरी-कार्डासकट २५७ ग्रॅम, लेन्स १८.३ मिलिमीटर एफ २.८, फुल-फ्रेमच्या, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरच्या, हिशोबात २८ (आकडा जेवढा लहान तेवढं जास्त रुंद दिसतं). याचाच २०२१ चा भाऊ थ्री-एक्स, तो ४० चा. फुजीची एक्स हंड्रेड सिरीज ३५ ची, तिला डोळा लावायला व्ह्यूफाइंडर आहे पण पँटच्या खिशात ती मावत नाही. खालची आकडेमोड माझ्या २८ ची आहे, बाकी धूळ, दमट हवा, माणसं, हे सगळ्यांना सारखंच.

आधी फरशा मोजा

पहिला आठवडा चांगले फोटो काढायच्या भानगडीत पडू नका. घरातली फरशी बघा, बहुतेक घरांत दोन बाय दोन फुटांची असते, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर. भिंतीपासून पाच फरशा मागे उभे राहा, झाले ३ मीटर. आता कॅमेरा आडवा धरून बघा किती भिंत दिसते ते, सव्वासहा-साडेसहा फरशांएवढी दिसेल. २८ चं गणित सोपं आहे, जेवढं अंतर त्याच्या सव्वापटीहून जरा जास्त रुंदी मिळते. २ मीटरवर अडीच मीटर रुंद आणि १.७ मीटर उंच. म्हणजे दोन मीटरवर उभा असलेला माणूस आडव्या फ्रेममध्ये कसाबसा मावतो, चप्पल तरी कापली जाते नाहीतर डोक्यावर जागा राहत नाही. कॅमेरा उभा धरला की तोच माणूस दीड मीटरवरूनसुद्धा डोक्यापासून पायापर्यंत येतो.

हे वाचून सोडून देऊ नका, खरंच करा. मी चार दिवस घरातल्या लोकांना उभं करून केलं, बायकोने पाचव्या दिवशी सांगितलं की आता तुळशीवृंदावनाला उभं कर. पण त्याचा फायदा असा की आता मी रस्त्यात कॅमेरा काढायच्या आधीच मला माहीत असतं काय मावणार आणि काय नाही. स्क्रीन बघून मग पुढे-मागे सरकत बसलं की समोरचं जे काय चाललंय ते संपून जातं.

आणि ते "पाय हाच तुमचा झूम" वगैरे सांगतात ना, ते अर्धवट खरं आहे. एक तर डोंबिवलीहून सकाळी सुटणाऱ्या फास्ट लोकलमध्ये मागे सरकून दाखवा. दुसरं म्हणजे पुढे गेलं की नुसतं मोठं दिसत नाही, चित्रच बदलतं. आमच्या स्टेशनबाहेर एक डोसेवाला आहे. तीन मीटरवरून काढलं तर तो, त्याची गाडी, मागचा रिक्षास्टँड, सगळं आपापल्या मापात. ऐंशी सेंटिमीटरवर गेलं की तवा अख्ख्या फ्रेमभर पसरतो, पीठ फिरवणारी वाटी आणि हात एवढे मोठे, आणि तो माणूस मागे छोटासा. दोन्ही फोटो चांगलेच, पण दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. म्हणून किती जवळ जायचं हे आधी ठरवायचं, आणि ते ठरवताना मोठं काय दिसायला हवंय हे विचारायचं. अगदीच लांब पडलं तर क्रॉप मोड, म्हणजे मधला भाग कापून घ्यायची सोय, आहेच, ३५ ला १५ मेगापिक्सेल आणि ५० ला ७ मेगापिक्सेल उरतात, व्हॉट्सअ‍ॅपला आणि पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटला पुष्कळ झाले.

कडेच्या माणसांचं मात्र सांभाळा. २८ ला फ्रेमच्या कडेला जे येतं ते ताणलं जातं. चुलतभावाच्या लग्नात स्टेजवर चौदा जण उभे, मी जागा नाही म्हणून अगदी पुढून काढला, आणि डाव्या टोकाला आत्या. फोटो बघून आत्या म्हणाली, "मेल्या, मला एवढी जाडी केलीस होय रे?" आणि खरंच केली होती. तेव्हापासून नियम, टोकाला हात, खांदा, पडदा, कुंडी काही चालेल पण चेहरा नाही, आणि कडेला कोणाला उभं करावंच लागलं तर लहान चणीची माणसं. दोन पावलं मागे जाता आलं तर जायचं आणि घरी येऊन क्रॉप करायचं. एकट्या माणसाचा चेहरा अर्ध्या मीटरवरून काढला तर नाक पुढे येतं, तो माणूस तुमच्याशी बोलायचं बंद करेल.

सेटिंग एकदाच करा आणि विसरा

डायलवर यू वन, यू टू, यू थ्री अशा तीन जागा आहेत, तुमचं सेटिंग त्यात साठवता येतं. माझं असं आहे.

यू वन दिवसा रस्त्यासाठी. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ ८ (आकडा मोठा तेवढं भोक लहान), आयएसओ, म्हणजे उजेडाला सेन्सर किती संवेदनशील ते, ऑटो आणि वरची हद्द ६४००, शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू जाऊ द्यायचं नाही, फोकस स्नॅपवर, अंतर २ मीटर. हा स्नॅप फोकस म्हणजेच हा कॅमेरा घ्यायचं निम्मं कारण. कॅमेरा काही शोधत बसत नाही, लेन्स सरळ २ मीटरवर जाऊन थांबते, बटण दाबलं की फोटो. एफ ८ ला २ मीटरवर फोकस ठेवला की साधारण १ मीटरपासून पार लांबपर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. एफ ५.६ ला तेच १.२ ते ६ मीटर. एफ २.८ ला फक्त दीड ते तीन मीटर, म्हणजे तिथे अंदाज चुकला की गेलं. म्हणून उजेड आहे तोवर एफ ८. गर्दीत, मंडईत, अंतर १.५ करून टाकतो, मग साधारण ९० सेंटिमीटर ते ५ मीटर मिळतं, भाजीवाली आणि तिच्या मागची रांग दोन्ही येतात.

अजून एक, फुल प्रेस स्नॅप म्हणून पर्याय असतो मेनूमध्ये, तो चालू करा. ऑटोफोकसवर असताना बटण अर्धं दाबलं तर नेहमीसारखा फोकस करतो, आणि एकदम खाली दाबलं तर स्नॅपच्या अंतरावर फोटो घेतो. मला हे तीन महिने माहीतच नव्हतं.

यू टू घरात आणि संध्याकाळनंतर, एफ २.८, साधा ऑटोफोकस, शटर १/६० पर्यंत खाली जाऊ देतो. सेन्सर हलवून हात स्थिर करायची सोय आहे, पण ती तुमच्या हाताचा थरकाप घालवते, समोरचं पोर नाचत असेल तर त्याला ती काय करणार. पोरं असली की १/२५० आणि फोटोत जे काय दाणे येतील ते येऊ देत. फ्लॅश यात नाही हे आधीच लक्षात घ्या, आधीच्या जीआर टू मध्ये होता.

यू थ्री हाय कॉन्ट्रास्ट ब्लॅक अँड व्हाइट. याला काही कारण नाही, मजा येते. पावसात ओला रस्ता आणि काळ्या छत्र्या यात एकदा काढून बघा. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल, आणि जेपेग दोन्ही सेव्ह करतो, रॉ डीएनजी फॉरमॅटमध्येच येते आणि नंतर कॅमेऱ्यातच तिचं रंगीत जेपेग करता येतं, त्यामुळे जीव अडकत नाही.

दुपारच्या उन्हाचं वेगळं. एफ २.८ ला या कॅमेऱ्याचं शटर १/२५०० च्या वर जात नाही, कारण शटर लेन्समध्येच बसवलेलं आहे, आणि मे महिन्यात दुपारी ते कमी पडतं. त्यासाठी आत दोन स्टॉपचा, म्हणजे उजेड चौथाईवर आणणारा, एनडी फिल्टर आहे, तो ऑटोवर टाका. आपल्याकडचं ऊन पांढऱ्या सदऱ्यावर आणि गांधीटोपीवर पडलं की तिथलं सगळं उडून जातं, त्याला उजेड मोजायचा हायलाइटवाला, म्हणजे सगळ्यात उजळ भाग सांभाळणारा, मीटरिंग मोड लावा नाहीतर एक्स्पोजर उणे ०.७ करा, सावली नंतर वर काढता येते, उडालेली टोपी परत येत नाही.

लेन्समधल्या शटरचा फायदा म्हणजे आवाज अगदी बारीक, शेजारच्यालाही कळत नाही. पण ते टुकटुक बीप आणि फोकस करताना लागणारा दिवा दोन्ही बंद करा, नाहीतर कीर्तनात बुवांनी तुमच्याकडे बघितलं म्हणून समजा.

आणि स्क्रीन. व्ह्यूफाइंडर नाही, भर उन्हात स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा दिसतो. ब्राइटनेस पूर्ण वर करून ठेवा, पण खरं उत्तर वरच्या फरशा आहेत, काय मावतंय ते पाठ झालं की स्क्रीन फक्त क्षितिज वाकडं नाही ना एवढंच बघायला लागते.

धूळ, आणि माझी जेजुरी

बंद करताना लेन्स आत जाते, चालू करताना बाहेर येते. सायकलच्या पंपासारखंच समजा, बाहेर येताना हवा आत ओढली जाते आणि हवेबरोबर जे असेल तेही. असे आत-बाहेर होणारे सगळे छोटे कॅमेरे याला बळी पडतात, मोठ्या सेन्सरवर तो कण दिसतो एवढंच.

मी काय केलं, तर सोमवती अमावास्येला जेजुरीला गेलो. खंडोबाची पालखी गडावरून कऱ्हेवर स्नानाला निघते, वरून भंडारा असा उधळला जातो की समोरचा माणूस पिवळ्या ढगात गायब होतो, आणि मी त्या ढगात उभा राहून दर दोन मिनिटांनी कॅमेरा ऑन, फोटो, ऑफ, बॅटरी वाचवायची म्हणून. शंभर वेळा तरी पंप मारला असेल. घरी आलो तेव्हा लेन्सच्या नळीच्या फटीत पिवळी रेघ होती, अगदी हळदीकुंकवाला बोटावर राहते तशी. ब्रशने साफ केली आणि खूश झालो. आठ दिवसांनी आभाळाच्या फोटोत उजवीकडे वर एक करडा ठिपका. मग दुसरा. आतली सेन्सर हलवून धूळ झटकायची सोय वीस वेळा चालवली, पण हळद ही चिकटणारी चीज, ती कुठली निघतेय. शेवटी उघडून साफ करून घ्यायला लागला, तीन आठवडे कॅमेरा नाही आणि चांगल्या बुटांच्या जोडीएवढे पैसे गेले. चूक शंभर टक्के माझी.

तुमच्याकडे ठिपका आहे का हे बघायचं तर एफ १६ लावा, पांढरी भिंत किंवा मोकळं आभाळ, फोकस मुद्दाम बिघडवा, एक्स्पोजर अधिक १, फोटो काढून फोनवर मोठा करून बघा. एफ २.८ ला ठिपके दिसतच नाहीत, त्यामुळे सेकंडहँड घेताना विकणारा कितीही सुंदर फोटो दाखवू दे, तुम्ही एफ १६ चा भिंतीचा फोटो मागा. नाही म्हणाला तर उठा.

टाळायचं कसं: भंडारा, गुलाल, रंगपंचमी, वाळू, पिठाची गिरणी अशा ठिकाणी शिरायच्या आधी चालू करा, आपोआप बंद व्हायचं सेटिंग काढा, आणि बाहेर आल्यावर पुसूनच बंद करा. बॅटरी जाईल, जाऊ दे. जीए-वन नावाची एक नळी मिळते, ती लेन्सभोवती बसते आणि पुढे ४९ मिलिमीटरचा फिल्टर लागतो, लेन्स तिच्या आतच हलते. खिशात मावत नाही मग, पण मिरवणुकीपुरती लावायला उत्तम. रंगपंचमीला मी तरी कॅमेरा नेत नाही, जुना फोन नेतो.

खिशातली धूळ कोणी मोजत नाही पण तीच रोजची. पँटच्या खिशात सुताचा भुगा असतो, किल्ल्या असतात, लोकलचं तिकीट गोळा होऊन बसलेलं असतं. चष्म्याच्या दुकानात मऊ मायक्रोफायबरची पिशवी मिळते, कॅमेरा तिच्यात आणि तो खिसा त्याच्या एकट्याचा. पिशवी दर महिन्याला धुवायची, नाहीतर तीच भुग्याचं कोठार होते.

पावसाळा

कॅमेरा वॉटरप्रूफ नाही, शिंतोड्यांनासुद्धा नाही. पाऊस काढायचा तर टपरीच्या आतून, रिक्षातून, पुलाखालून. तसेही छपरावरून गळणारी धार मधे आली की पावसाचा फोटो चांगला येतो.

पण पाण्यापेक्षा दमट हवा वाईट. मुंबई, कोकण, गोवा, इथे जून ते सप्टेंबर कपाटात बुरशी चपलांना येते तशी काचेलाही येते, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. आणि ही लेन्स काढून साफ करता येत नाही. झाकणाला रबर असलेला मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्या, चार कडांना खटके असलेला, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रता दाखवणारा मीटर. ४० ते ५० टक्क्यांत राहिलं पाहिजे, ६० च्या वर जायला लागलं की जेल बदला. रंग बदलणारे दाणे घ्या, ओले झाले की कळतं, मंद आचेवर जुन्या कढईत परतले की परत कोरडे होतात, फक्त ती कढई परत स्वयंपाकाला घेऊ नका. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवायचा सल्ला कोणी देईल, ऐकू नका, तांदळाला पिठी असते आणि पिठी कुठे जाते ते जेजुरीत सांगून झालंय. चामड्याचं कव्हर डब्यात ठेवू नका, बुरशीला चामडं फार आवडतं. आणि पावसाळ्यात कॅमेरा जास्त वापरा, कपाटात पडलेल्या काचेला बुरशी लवकर धरते.

एसी लोकलचं एक सांगायचं राहिलं. आत थंड, दादरला उतरलात की बाहेर भट्टी, कॅमेरा काढला की काचेवर वाफ. पुसायला जाऊ नका, परत येते. उतरायच्या आधीच झिपवाल्या पिशवीत घालून हवा काढून टाका, पंधरा-वीस मिनिटं त्यातच राहू दे, वाफ पिशवीवर धरते, कॅमेऱ्यावर नाही.

माणसं

छोटा कॅमेरा असला की लोक घाबरत नाहीत, मोठी लेन्स बघून "पेपरात येणार का" विचारतात तसं विचारत नाहीत. पण म्हणून चोरून काढत सुटू नका. मी बहुतेक वेळा आधी विचारतो. परवा मंडईत एका मावशींना म्हटलं, "मावशी, काढू का एक?" तर म्हणाल्या, "काढा की, पण माझी मेथी दिसली पाहिजे नीट." दीड मीटर, एफ ८, मेथी पुढे, मावशी मागे. फोटो प्रिंट करून नेऊन दिला तर दोन जुड्या फुकट मिळाल्या, ८०-९० रुपयांचा माल, प्रिंट १५ रुपयांना पडली होती.

विचारल्यावर फोटोतला सहजपणा जातो हे खरं, पण एक करा, पहिला फोटो पोझचा काढा, बोलत राहा, कॅमेरा छातीपाशी धरून दुसरा घ्या, ते तोवर गिऱ्हाइकाकडे वळलेले असतात. लहान मुलांचा फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नाही. स्टेशनवर पोलिसांनी हटकलं तर वाद घालत बसू नका, कॅमेरा खिशात, नमस्कार, आणि चालायला लागा, तुमची ८:१२ थांबणार नाहीये.

बॅटरी आणि कार्ड

बॅटरीला कंपनीच सांगते साधारण २०० फोटो, आणि तेवढेच मिळतात. दोन जास्तीच्या घ्याच, छोट्या आहेत, पाकिटातल्या चिल्लर कप्प्यात मावतात, पण नाण्यांबरोबर ठेवू नका, टोकं शॉर्ट होतील, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. चार्जिंग यूएसबी-सीने होतं, पॉवरबँकवर ट्रेनमध्ये लावून देतो. वायफाय चालू राहिलं तर संध्याकाळपर्यंत बॅटरी संपलेली मिळेल, फोनवर फोटो घेऊन झाले की बंद करायची सवय लावा.

कार्ड लॅपटॉपला विसरणं हा माझा जुना आजार. एकदा बारशाला गेलो, पाळणा सजवलेला, बायका कुर्रर करायला जमलेल्या, आणि स्क्रीनवर कार्ड नाही. कॅमेऱ्यात स्वतःची २ जीबी मेमरी असते, त्यावर वाचलो. रॉ बंद केली, नुसते जेपेग, आणि अख्खं बारसं त्यात बसलं. त्यात आत्याचेही चार फोटो आहेत, या वेळी मधोमध उभी केली होती.